घडीचा चमचा, सहा वर्षांचा मुलगा आणि ४५ दिवस

ऑक्टोबर २००९ मधलं हे प्रकरण, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातलं. न्यूआर्क नावाचं गाव आहे तिथे, आणि तिथल्या शाळा क्रिस्टिना स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणारी स्थानिक संस्था, चालवतं. पहिलीतला सहा वर्षांचा एक मुलगा नुकताच कब स्काउटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काउटमध्ये, गेला होता आणि चमचा, काटा, सुरी तिन्ही एकात असलेलं, घडी करून खिशात मावणारं कॅम्पिंगचं टूल त्याला मिळालं होतं. त्या वयात अशी वस्तू हातात आली की ती वापरल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून दुपारचं जेवण याच चमच्याने जेवायचं ठरवून तो ते शाळेत घेऊन गेला. धमकावलं, कुणावर उगारलं, असं शाळेचंही म्हणणं नव्हतं. पण घडीत सुरी आहे म्हणजे ते हत्यार, हत्यार आणलं म्हणजे गंभीर गुन्हा, आणि त्या गुन्ह्याला नियमात लिहिलेली शिक्षा म्हणजे आधी सस्पेन्शन आणि मग डिस्ट्रिक्टच्या 'सुधारणा' शाळेत ४५ दिवस. भांडखोर, हाताबाहेर गेलेल्या मुलांना पाठवतात ती शाळा. आईने पोराला तिथे पाठवायला नकार दिला, घरीच शिकवायला बसली, बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली आणि मग देशभर बोंबाबोंब झाली.

बातमी वाचून सगळे प्रिन्सिपलला शिव्या घालतात, आणि मला वाटतं इथेच बहुतेकांचा नेम चुकतो, कारण प्रिन्सिपलकडे फार काही करण्यासारखं ठेवलंच नव्हतं. डिस्ट्रिक्टच्या आचारसंहितेत सुरीवर बंदी होती, आणि ती बाळगणाऱ्याचा हेतू काहीही असो तरी बंदी होती. हे हेतूचं कलम मुद्दाम घातलेलं आहे, म्हणजे ज्या प्रश्नाने पाच मिनिटांत प्रकरण मिटलं असतं (बाळा, हे कशाला आणलंस?) तो प्रश्न विचारून उपयोग नाही असं नियमच सांगतो. विचारा हवं तर, उत्तराने निकाल बदलणार नाही.

कागदावर सगळी प्रक्रिया अगदी नीट होते हेही लक्षात घ्या. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ साली गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात सांगून ठेवलंय की १० दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलासुद्धा मुलाला आरोप काय आहे ते कळवलं पाहिजे आणि त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे, त्याहून मोठ्या शिक्षेला तर जास्त काटेकोर प्रक्रिया लागू शकते. चांगलाच निकाल आहे. पण बाजू मांडायची म्हणजे काय मांडायचं, तर मी कुणाला इजा करायला आणलं नव्हतं हेच ना, आणि तेच जर नियमाने आधीच बाद करून टाकलंय तर ती सुनावणी नुसती हजेरी होते.

याचं टोक बघायचं तर व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीचं प्रकरण बघा. आठवीतल्या एका मुलाला कळलं की वर्गातली मैत्रीण जिवाचं बरंवाईट करून घ्यायच्या विचारात आहे आणि तिच्या फाइलमध्ये सुरी आहे, तर त्याने ती अख्खी फाइल तिच्याकडून घेतली आणि आपल्या लॉकरमध्ये ठेवून दिली, शाळा सुटल्यावर दोघांच्या घरी सांगायचं ठरवून. शाळेतल्या बाईंनीसुद्धा मान्य केलं की मुलाने तिच्या भल्यासाठीच हे केलं आणि त्याच्यापासून कुणालाही धोका नव्हता. तरी सस्पेंड. पुढे प्रकरण अपील कोर्टात गेलं, आणि २००१ मध्ये कोर्ट म्हणालं की शाळेने प्रक्रिया पाळली आहे, विषय संपला. म्हणजे सगळ्यांना खरं काय ते माहीत आहे, कुणी खोटं बोलत नाहीये, आणि तरी मुलगा शाळेबाहेर!

बरं, क्रिस्टिना डिस्ट्रिक्टला हे काही नवीन नव्हतं. २००७ मध्ये त्यांनी सातवीतल्या एका मुलीला शाळेतून काढून टाकलं होतं, कारण तिने वर्गाच्या प्रोजेक्टसाठी केलेल्या कागदी घराच्या खिडक्या कटरने कापल्या. हे प्रकरण मला चमच्याच्या प्रकरणापेक्षा जास्त बोलकं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. जरा डोळ्यासमोर आणा. जाड कागदाची किंवा पुठ्ठ्याची भिंत आहे, तिच्या मधोमध चौकोनी खिडकी पाडायची आहे. कात्री कडेकडून आत येते, मधूनच सुरू करता येत नाही, म्हणजे एक तर भिंत कडेपासून चिरत आत जायचं नाहीतर कात्रीचं टोक खुपसून भोक पाडायचं आणि मग वेडंवाकडं कापत जायचं. आता हातात पुठ्ठा धरून त्यात कात्रीचं टोक जोर लावून खुपसणं हे कटर चालवण्यापेक्षा कमी धोक्याचं नाही, पलीकडच्या बाजूला आपलीच बोटं असतात. या कामाला बरोबर हत्यार कटरच. खाली कटिंग मॅट, बाजूला स्टीलची पट्टी, पातं दोन-तीन घरंच बाहेर काढलेलं, जोर न लावता एकाच रेषेवरून हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवायचं, आणि पट्टी धरलेल्या हाताची बोटं रेषेपासून लांब. आर्किटेक्चरची मुलं पहिल्याच वर्षी हे शिकतात. प्रोजेक्ट शाळेने दिलेला, खिडक्या असलेलं घर हवं म्हणजे त्या कापायला काहीतरी लागणार हे उघड, त्या 'काहीतरी'चा विचार प्रोजेक्ट देताना कुणी केला की नाही कुणास ठाऊक, आणि भुर्दंड मात्र मुलीला.

आणखी एक प्रकरण केकचं, याच डेलावेअर राज्यातलं. तिसरीतल्या मुलीच्या आजीने नातीच्या वाढदिवसाचा केक शाळेत पाठवला आणि शहाणपणाने सोबत कापायला सुरीही दिली. बाईंनी त्या सुरीने केक कापला, मुलांना वाटला आणि त्यानंतर प्रिन्सिपलला कळवलं की मुलीने सुरी आणलीय. मुलगी वर्षभरासाठी शाळेबाहेर. बाईंना एकदम खलनायिका करण्यात मला रस नाही, त्यांनी कळवलं नसतं आणि नंतर ते बाहेर आलं असतं तर नोकरीचं काय झालं असतं हा विचार त्यांच्या डोक्यात असणारच. पण क्रम बघा ना. बाईंच्या हातात ती सुरी केक कापायची होती, कुणी घाबरलं नाही, वर्ग रिकामा केला नाही, पोलिसांना बोलावलं नाही. खरोखर धोका वाटला असता तर आधी केक कापला असता का? म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न वर्गात आलाच नाही, आला तो फक्त रिपोर्ट लिहिताना.

केकवरून ओरड झाली म्हणून २००९ च्या आदल्या वर्षी डेलावेअरच्या आमदारांनी कायदा बदलायला घेतला, आणि डिस्ट्रिक्टच्या स्थानिक बोर्डाला प्रत्येक प्रकरण वेगळं बघून काढून टाकण्याची शिक्षा कमी करता येईल अशी सोय झाली. मग आपल्या चमच्यावाल्या पोराला त्याचा फायदा का नाही झाला? कारण कायद्यात शब्द होता 'काढून टाकणे', आणि या मुलाला काढून टाकलेलं नव्हतं, सस्पेंड करून दुसरीकडे पाठवायचं ठरवलेलं होतं. मोठ्या शिक्षेत सूट देता येत होती, त्याहून लहान शिक्षेत देता येत नव्हती. असं कायदा करणाऱ्यांच्या मनात नक्कीच नसणार, पण ज्या प्रकरणाने डोकं फिरवलं तेवढंच दुरुस्त करायचं म्हटलं की असंच होतं, शेजारचं भोक तसंच राहतं.

आता हे सगळं आलं कुठून. १९९४ चा फेडरल कायदा, गन-फ्री स्कूल्स अ‍ॅक्ट. शाळेत बंदूक आणली तर किमान एक वर्ष शाळेतून काढायचं, आणि असा कायदा जे राज्य करणार नाही त्याला केंद्राचा शिक्षणाचा पैसा नाही. पैशाला बांधलेलं असल्यामुळे सगळ्या राज्यांनी मुकाट्याने केलं. पण त्या कायद्यातच लिहिलंय की डिस्ट्रिक्टचा प्रमुख अधिकारी प्रत्येक प्रकरण बघून ही एक वर्षाची शिक्षा बदलू शकतो. बंदुकीलासुद्धा सूट देण्याची सोय आहे! आणि कायदा फक्त बंदुकीसारख्या शस्त्रांबद्दल आहे, सुरीबद्दल त्यात काही नाही. इतकंच काय, फेडरल कायद्यात 'धोकादायक शस्त्रा'ची जी व्याख्या आहे तिच्यातून अडीच इंचापेक्षा लहान पात्याचा खिशातला चाकू चक्क वगळलेला आहे. म्हणजे वरून आलेला नियम बराच मवाळ, खाली येता येता तो कडक होत गेला. १९९९ ला कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ लोक मारले गेले, प्रत्येक वेळी पालक घाबरले, बोर्डांवर दबाव आला आणि यादी वाढत गेली. बंदुकीवरून सुरी, सुरीवरून कटर, कटरवरून कात्री.

कात्रीचं उगाच नाही म्हणत. पेनसिल्व्हेनियाच्या १९९५ च्या कायद्यात शाळेतल्या 'हत्यारा'च्या व्याख्येत सुरीसोबत कापायचं उपकरण आणि कापायचं साधन असे शब्दच आहेत. आता कात्री कापत नाही तर काय करते. २००४ मध्ये फिलाडेल्फियात चौथीतल्या १० वर्षांच्या मुलीच्या दप्तरात ८ इंची कात्री सापडली, तर तिला बेड्या घालून पोलीस ठाण्यात नेलं. नंतर अधिकाऱ्यांनी माफी मागितली ते वेगळं. आणि त्याच कायद्यात अपवाद कुठले ते वाचा: शाळेने मंजूर केलेल्या कार्यक्रमात वापरायचं हत्यार, आणि दुसरा म्हणजे शिकारीला जाताना शाळेच्या जमिनीवरून पलीकडे जायचं असेल तर गोळ्या न भरलेली बंदूक. शिकारी लोकांनी आपली अडचण वेळेत सांगितलेली दिसतेय, चौथीतल्या मुलांच्या कात्रीबद्दल बोलायला कुणी नव्हतं.

हसायला येतं, पण दुसरी बाजू पण ऐकायला पाहिजे, आणि ती पोकळ नाही. एक तर सहा वर्षांच्या मुलाच्या हातातली छोटी सुरीसुद्धा ढकलाढकलीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊ शकते, हेतू असो वा नसो. हे खरंच आहे, सुरी हेतू बघून कापत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आधी जेव्हा शिक्षा ठरवणं प्रिन्सिपलच्या मर्जीवर होतं तेव्हा काळ्या मुलांना त्याच चुकीसाठी गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा बाहेर काढलं जात होतं, अभ्यासांमधून हे परत परत दिसलं. मग टीका नको म्हणून बऱ्याच डिस्ट्रिक्टनी मर्जीचा भागच काढून टाकला, सगळ्यांना एकच तक्ता. आपल्यावर पक्षपाताचा आरोप होऊ नये म्हणून डोळे मिटून घेण्याचा हा प्रकार असला तरी त्यामागची भीती खरी होती. उद्या या गोंडस स्काउट पोराला सोडलं आणि परवा गरीब वस्तीतल्या दुसऱ्या पोराला त्याच वस्तूसाठी ४५ दिवस दिले तर बोर्ड काय उत्तर देणार? या प्रश्नाला 'अक्कल वापरा' हे उत्तर पुरत नाही, कारण अक्कल कुणाबद्दल वापरली जाते तिथेच तर घोळ होता.

फक्त अडचण अशी की तक्त्याने तो घोळही सुटला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने यावर एक गट नेमला होता, त्यांचा अहवाल २००६ ला आला. उपलब्ध संशोधन चाळून ते म्हणाले की झिरो टॉलरन्समुळे, म्हणजे कारण न बघता ठरलेली शिक्षा द्यायच्या या धोरणामुळे, शाळा जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा नाही, शिक्षेत एकसारखेपणा आल्याचाही नाही, आणि काळ्या मुलांवरचा जास्तीचा भार तसाच आहे. हे कसं, तर तक्ता शिक्षा ठरवतो, पण रिपोर्ट कोणाचा करायचा हे माणूसच ठरवतो. केकवाल्या बाईंनी ठरवलं तसंच. कुठल्यातरी वर्गात कुठल्यातरी बाईंनी अशीच सुरी बघून ड्रॉवरमध्ये टाकली असेल आणि संध्याकाळी आईच्या हातात दिली असेल, ते कुठल्याही आकड्यात येत नाही. मर्जी संपली नाहीये, ती फक्त लिहून ठेवायची बंद झाली.

मग करायचं काय होतं? त्या दिवसापुरतं बोलायचं तर टूल काढून घ्यायचं, ऑफिसात ठेवायचं, आईला फोन, मुलाला दोन मिनिटं समजावून सांगायचं की हे घरी आणि कॅम्पला, शाळेत नाही. बास. वाटल्यास कागदावर नोंद. नोंद मात्र हवी, आणि मला वाटतं पक्षपाताच्या भीतीवर खरा इलाज तिथेच आहे: सूट द्या पण कारण लिहा, आणि नाही दिली तरी कारण लिहा. काय वस्तू, कुणी दिली, कशासाठी आणली, वापरली का, कुणाला दाखवली, आणि तुम्ही काय केलं. वर्षाअखेर बोर्डाने ती चळत समोर घेऊन बघायचं की सूट कोणत्या पोरांना मिळतेय. तक्त्यात हे दिसत नाही, कारण तक्त्याला कारणच लागत नाही.

कोर्टांनाही हे कधीकधी पटलंय. २००० साली टेनेसीतल्या एका प्रकरणात, जिथे मित्राचा चाकू मुलाच्या गाडीत सापडला होता आणि आपल्याला माहीतच नव्हतं असं मुलाचं म्हणणं होतं, सहाव्या सर्किटच्या (म्हणजे टेनेसी ज्यात येतं त्या विभागाच्या) फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की जवळ हत्यार आहे हे ज्याला माहीतच नाही त्याला त्यासाठी शाळेतून काढण्यात काही तर्कसंगती नाही. पण तिथे प्रश्न माहीत असण्याचा होता. आपल्या पोराला चमचा खिशात आहे हे पक्कं माहीत होतं, जेवणाच्या सुट्टीची तर तो वाट बघत होता, तेव्हा त्या निकालाचा आधार त्याला मिळाला नसता.

आणि ज्या स्काउटमुळे हे टूल आलं त्यांच्याकडे चाकूचं काय करायचं याची पद्धत आहेच. त्या काळी 'व्हिटलिंग चिप' नावाचं कार्ड असायचं, साधारण तिसरीच्या वयापासून. चाकू उघडायचा कसा, बंद कसा करायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा कसा, कापताना हाताच्या टप्प्यात कुणी नको, हे करून दाखवल्यावर कार्ड मिळायचं आणि बेपर्वाई केली तर ते जायचं. स्वीडनमध्ये हस्तकला, त्यांच्या भाषेत स्लॉइड, हा आजही शाळेतला सक्तीचा विषय आहे, तिथे मुलं लाकूडकामाची धारदार हत्यारं हाताळतात. माँटेसरी वर्गात तर अगदी लहान मुलं फळं कापतात. यातल्या कुणीही मुलाच्या खिशात चाकू खुशाल राहू द्या असं म्हटलेलं नाही. हत्यार मोजून द्यायचं, मोजून परत घ्यायचं, शिकवल्याशिवाय द्यायचं नाही, ही वर्कशॉपची जुनी रीत आहे. सहा वर्षांच्या मुलाला ते कार्ड मिळालंच नसतं, अजून दोन वर्षं थांब म्हणाले असते. नाहीच म्हणाले असते, पण त्याला आरोपी न करता.

आता निकाल. ओरड इतकी झाली की १३ ऑक्टोबरला बोर्डाने बैठकीत एकमताने ठराव केला की बालवाडी आणि पहिलीतल्या मुलांनी असं काही आणलं तर तीन ते पाच दिवस सस्पेन्शन आणि समुपदेशन, ४५ दिवस नाही. मुलगा शाळेत परत जाऊ शकला. पेपरवाले खूश, बोर्ड सुटलं.

ठराव नीट वाचला तर त्यात बदललं ते फक्त वय. हेतू बघायचा नाही हे त्याने बदललं नाही, सुरीची व्याख्या बदलली नाही, प्रिन्सिपलला नवा अधिकार दिला नाही. तीन ते पाच दिवस कमी आहेत हे मान्य, पण समुपदेशन कशाचं, चमच्याने जेवायची इच्छा होण्याचं? आणि हाच मुलगा एक वर्ष उशिरा, दुसरीत असताना, स्काउटमध्ये गेला असता तर? त्या ठरावात तो बसला नसता. राज्याच्या तेव्हाच्या कायद्यात बसायचं तर त्याला शाळेतून काढून टाकावं लागलं असतं, तरच बोर्डाला सूट देता आली असती. ४५ दिवसांसाठी दुसऱ्या शाळेत पाठवलं असतं तर त्याला ना कायदा लागू झाला असता ना ठराव. केकवाली तिसरीत होती, खिडक्यांवाली सातवीत, त्या दोघींनाही या ठरावाने काही मिळालं नसतं. आणि वर्गात बाईंना अशी वस्तू पहिल्यांदा दिसली की त्यांनी त्या क्षणी नेमकं काय करायचं, ते या ठरावाने सांगितलंच नाही.